पोराला प्ले थेरपीला न्यायचं ठरवलंय? कोल्हापूरकर आईबाबांनी सुरुवात कशी करायची

"खेळायला पैसे देतेस होय गं? खेळायला तर ते दारात पण खेळतंय की." प्ले थेरपीचं नाव घरात काढलं की हे वाक्य येतंच, सासूबाईंकडून नाहीतर शेजारच्या काकूंकडून. मला विचाराल तर प्रश्न रास्त आहे, कारण बाहेरून बघणाऱ्याला दिसतं काय, तर एक खोली, खाली सतरंजी, कप्प्यात खेळणी, एक मोठं माणूस मांडी घालून जमिनीवर बसलंय आणि पोरगं डायनासोरला भातुकलीच्या पातेल्यात कोंबतंय. याचे पैसे?

मी मुलांबरोबर हेच काम करते, त्यामुळं असा संशय घेऊन आलेले आईबाबा कायम दारात असतात आणि त्यांना जे तुकड्यातुकड्यानं सांगते ते इथं एकदाच सलग लिहून काढतेय. लांब झालंय, चहा घेऊन बसा.

आधी, हे आहे काय

मोठ्या माणसाचं बिनसलं की ते कट्ट्यावर जाऊन मित्राला सांगतं, फोनवर बहिणीजवळ रडतं, नाहीतर सरळ भांडतं. पाच वर्षांच्या पोराला "तुला काय होतंय?" विचारलं तर ते "काय नाही" म्हणून पळणार, कारण जे होतंय ते सांगण्याएवढं बोलणंच त्याच्याकडं अजून नसतं. पण तेच पोरगं बाहुलीला कोपऱ्यात उभं करून "गप्प बस, रडायचं नाही" असं दरडावतं तेव्हा ऐकणाऱ्याला बरंच कळतं. खेळातनं निघणारं हे बोलणं ऐकून पोराला सावरायला मदत करायची, म्हणजे प्ले थेरपी. साधारण ३ ते १२ वयाच्या मुलांसोबत हे काम जास्त करून चालतं.

ही काल परवाची फॅशन नाही बरं का. लंडनमध्ये मार्गारेट लोवेनफेल्ड या डॉक्टर बाईंनी १९२९ च्या सुमारास मुलांना वाळूचा ट्रे आणि बारकी बारकी खेळणी देऊन त्यांचं जग मांडायला लावायला सुरुवात केली, आजही थेरपीच्या खोलीत तो ट्रे असतो, आतून निळा रंगवलेला, म्हणजे वाळू बाजूला सारली की खाली पाणी दिसतं. पुढं अमेरिकेत व्हर्जिनिया ॲक्सलाइन यांनी १९४७ मध्ये आठ तत्त्वं मांडली, मी काम करते त्या पद्धतीचा पाया तोच. सगळी इथं सांगत नाही, पण मथितार्थ असा की मूल जसं आहे तसं चालवून घ्यायचं, खेळ त्यानं ठरवायचा, मोठ्यानं मागून जायचं, घाई करायची नाही आणि बंधनं अगदी गरजेपुरतीच घालायची.

दारातल्या खेळात आणि या खेळात फरक इथंच आहे. दारात पोरगं खेळत असताना कोण ना कोण येऊन "असं नाही, असं लाव", "कपडे मळव तू", "आता बास, अभ्यासाला बस" म्हणतंच. थेरपीत दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळेला, त्याच खेळण्यांसोबत ४५-५० मिनिटं एक माणूस फक्त त्याच्यासाठी असतं, फोन बंद, आणि जे चाललंय त्यातली भावना पकडून ती शब्दात परत देतं. दारातला खेळ वाईट नाही हं. तो पण पाहिजेच.

पहिली पायरी: जायची गरज आहे का ते बघा

प्रत्येक हट्टाला थेरपी लागत नाही. तीन वर्षांचं पोर जमिनीवर लोळण घेतंय म्हणजे ते तीन वर्षांचं आहे, एवढंच.

मी लक्ष कशाकडं देते तर बदलाकडं. आधी नीट झोपणारं पोरगं महिनाभर दचकून उठतंय, अंथरूण ओलं करायचं बंद झालं होतं ते परत सुरू झालंय, शाळेच्या दिवशीच पोटात दुखतंय आणि रविवारी ठणठणीत, आईला बाथरूमला पण एकटी जाऊ देत नाही, नाहीतर एकदम गप्प झालंय, आणि हे सगळं घरात काहीतरी घडल्यावर सुरू झालंय: कुणी वारलं, बारकं भावंड आलं, ऑपरेशन झालं, आईबाबा वेगळे राहायला लागले, घर बदललं. आपल्याकडं पूर पण धरा त्यात. २०१९ चा ऑगस्ट आणि २०२१ चा जुलै ज्या घरांनी बघितला तिथं नंतर दर पावसाळ्यात पंचगंगेची पातळी किती झाली हे मोठी माणसं दिवसभर मोबाईलवर बघत बसतात, आणि मूल मोबाईलकडं नाही, तुमच्या तोंडाकडं बघत असतंय.

पूर, अपघात असं काही बघितलेल्या पोरांच्या खेळाबद्दल एक खूण सांगून ठेवते. पूर बघून आलेलं मूल बादलीत होडी बुडवून वाचवायचा खेळ खेळत असेल आणि हळूहळू त्यात बदल होत असेल, आज होडीवाला आला, उद्या कुत्र्याला पण घेतलं, परवा सगळे घरी जाऊन जेवले, तर ते आपलं आपण सावरतंय, खेळू द्या. पण तोच खेळ, तोच शेवट, चेहऱ्यावर मजा अशी नाहीच आणि खेळून झाल्यावर आणखीनच चिडचिड, असं असेल तर दाखवून घ्या. अमेरिकेत १९७६ साली चौचिला नावाच्या गावात २६ मुलांची अख्खी स्कूल बस पळवून नेली होती (मुलं सुखरूप परत आली), त्या मुलांचा लेनोर टेर या मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी पुढं काही वर्षं अभ्यास केला, तेव्हा त्यांना असाच अडकलेला, पुन्हा पुन्हा तोच खेळ दिसला होता.

आणि थेरपीच्या आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, हे मी ठासून सांगते. अंथरूण ओलं होण्यामागं लघवीचं इन्फेक्शन असतंय, बद्धकोष्ठता असते, क्वचित शुगर पण निघते. हाक मारल्यावर बघत नाही म्हणजे रुसलंय असं नाही, कान तपासा. बोलणं उशिरा असेल तर स्पीच थेरपिस्ट आधी. प्ले थेरपीनं ऑटिझम "बरा" होतो असं कोण सांगत असेल तर तिथून उठून या.

दुसरी पायरी: कुणाकडं जायचं

इथं जरा सावध राहा, कारण आपल्या देशात प्ले थेरपिस्ट अशी पाटी लावायला सरकारी परवाना असा काही लागत नाही. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी मात्र भारतीय पुनर्वास परिषदेकडं, म्हणजे आरसीआयकडं असते, तो नंबर मागता येतो आणि मागितला तर खऱ्या माणसाला राग येत नाही. बाकीचे कौन्सेलर असतात, त्यात उत्तम काम करणारे पण आहेत आणि दोन दिवसांचं ऑनलाइन सर्टिफिकेट फ्रेम करून लावणारे पण आहेत, त्यामुळं फोनवरच विचारून घ्या: मूळ शिक्षण काय, खेळातून काम करायचं वेगळं ट्रेनिंग किती महिन्यांचं, त्यांच्या कामावर वरिष्ठ कुणाची नजर आहे का, आईबाबांना किती दिवसांनी भेटणार, फी किती आणि सेशन बुडालं तर काय.

मूल न बघता, तुमच्याशी तासभर न बोलता "दहा सेशनमध्ये गॅरंटी" म्हणणारा मला चालत नाही. इतर मुलांचे सेशनचे व्हिडिओ रील करून टाकणारा तर अजिबातच नाही, उद्या तुमचं पोरगं त्यात असेल.

आपल्याकडं सगळं ओळखीनं चालतंय हे मला माहितीये, मेव्हण्याच्या मित्राची वहिनी करते वगैरे. ओळख असू दे, पण नात्यातला थेरपिस्ट नको. गाव केवढं, रंकाळ्यावर एक चक्कर मारली तर चार जण भेटतात, म्हणून चांगले थेरपिस्ट बाहेर भेटल्यावर आपण होऊन हाक मारत नाहीत, तुम्ही ओळख दिली तरच देतात. त्याला माज समजू नका.

पैशाची अडचण असेल तर सीपीआरला, म्हणजे आपल्या सरकारी दवाखान्यात, मानसोपचार विभाग आहे, केस पेपर काढून तिथं आधी दाखवता येतं, तिथं लगेच खेळण्यांची खोली मिळेल असं समजून जाऊ नका पण तपासणी आणि पुढचा रस्ता मिळतो. शाळेत, अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं त्यांना पण सांगता येतं. नुसतं बोलायचं असेल, रात्री दोन वाजता सुद्धा, तर १४४१६ हा टेली मानसचा फुकट नंबर आहे, मराठीत बोलतात.

तिसरी पायरी: पहिली भेट तुमची, पोराची नाही

पहिल्या भेटीत बहुतेक थेरपिस्ट आईबाबांनाच बोलवतात. दोघं या. बाबा शिरोलीला नाहीतर गोकुळ शिरगावला शिफ्टला आहेत, सुट्टी मिळत नाही, हे सगळं खरं, पण ही एक भेट तरी मॅनेज करा, कारण आईला वाटणारी अडचण आणि बाबांना वाटणारी अडचण या कित्येकदा दोन वेगळ्याच गोष्टी निघतात.

जाताना आठवून जा: गरोदरपण आणि बाळंतपण कसं गेलं, चालायला बोलायला कधी लागलं, घरात कोण कोण आहे, रात्री कुणाजवळ झोपतं, शेवटचं मोठं काय घडलं. आणि जे सांगायला जड जातंय ते सांगाच. घरात मारामारी होते, दारू आहे, कर्जाचे फोन येतात, मोठ्या भावकीचं कोर्टात चालू आहे, हे थेरपिस्टला माहीत नसेल तर ती अंधारात चाचपडत बसणार आणि पैसे तुमचे जाणार.

एका घराचं सांगते (दोन-तीन घरं मिसळून सांगतेय, ओळख लागू नये म्हणून). सहा वर्षांचा मुलगा, सकाळी पोटात दुखतं, आईचा पदर सोडत नाही. आजोबा दवाखान्यात गेले आणि परत आले नाहीत, पोराला सांगितलं "आजोबा गावाला गेलेत". खोलीत हा काय खेळायचा, तर एक म्हाताऱ्याची बाहुली पडद्यामागं लपवायची आणि मला म्हणायचं शोध. मी पडद्याकडं निघाले की "तिकडं नाही!" म्हणून ओरडायचं. आठवडेच्या आठवडे हेच, मी आपली कपाट बघतेय, ट्रे बघतेय, खुर्चीखाली बघतेय, आणि मोठ्यानं म्हणतेय, "शोधून शोधून दमलो बाबा, कुणी सांगतच नाही कुठं गेलाय ते." तेवढ्यावर तो थांबायचा, माझ्याकडं बघायचा आणि परत लपवायचा.

आता मी खोलीत कितीही शोधलं असतं तरी उपयोग काय होता? घरच्यांना बोलावलं, दोन भेटी त्यावरच गेल्या, आजीचं म्हणणं लेकरू भिईल. शेवटी आईनं एका संध्याकाळी साध्या शब्दात सांगितलं की आजोबा वारले, म्हणजे त्यांचं शरीर बंद पडलं, ते परत येणार नाहीत, आणि आपल्याला सगळ्यांना रडू येतंय. पोरगं आधी रडलं, मग विचारलं, "मग गावाला कोण गेलंय?" पुढच्या सेशनला त्यानं बाहुली स्वतःच पडद्यामागनं काढली, वाळूत पुरली, वर कागदाचं फूल ठेवलं आणि मला म्हणाला, आता शोधू नको. पोटदुखी त्या दिवशी गेली असं नाही, महिनाभर तरी रेंगाळली, पण शाळेच्या दारात आईला सोडायला लागला.

मूल सोडलं आणि तासानं नीट होऊन आलं, गाडी सर्व्हिसिंगला टाकल्यासारखं, असं हे काम होत नाही ते यासाठी.

चौथी पायरी: पोराला काय सांगून न्यायचं

खोटं सांगू नका. "आइस्क्रीम खायला जाऊ" म्हणून आणलेलं पोर दारातच ओळखतं आणि मग माझ्यावर पण विश्वास ठेवत नाही. "डॉक्टरकडं नेते बघ, सुई देतील" हे तर घरातल्या शब्दकोशातून कायमचं काढून टाका.

असं सांगा: "तुला हल्ली रात्री भीती वाटते, मला पण कळत नाही काय करायचं. एक ताई आहेत, त्यांच्याकडं खेळायची खोली आहे. दर बुधवारी तिथं जायचं. काय खेळायचं ते तू ठरवायचं. मी बाहेर बसलेली असणार." बास. "ताईंना सगळं सांग हां" असं जोडू नका, "शहाण्यासारखं वाग" पण नको. आणि कपडे जुने घाला, माती आणि रंग लागणार.

पाचवी पायरी: आधी आणि नंतरची दहा मिनिटं

बाहेर तुम्ही बसला आहात म्हणजे खरंच बसा. मध्येच महाद्वार रोडला जाऊन दोन कामं उरकून येऊ म्हणून गेलेली आई पाच मिनिटं उशिरा आली की पोराचं आतलं सगळं काम त्या पाच मिनिटात वाहून जातंय.

बाहेर आल्यावर विचारायचं नाही. "काय खेळलास? ताई काय म्हणाल्या? आमच्याबद्दल सांगितलंस का काही?" जीभ खाजवते, कळतंय मला, तरी नाही. "आलास होय, चल, भूक लागली का?" इतकंच. आपण होऊन सांगितलं तर ऐका, आणि चित्र काढून आणलं तर "किती सुंदर" आणि "हे काय आहे, घोडा का?" दोन्ही टाळून "निळा रंग भरपूर वापरलायस" एवढं म्हणून बघा, पुढचं ते स्वतः बोलतंय.

मला पण विचारलं तर मी खेळाचा तपशील सांगणार नाही. कशाभोवती खेळ फिरतोय आणि घरी काय करून बघता येईल हे सांगेन, महिन्या-दीड महिन्यानं बसूच आपण. एक अपवाद: मुलाला कुणी इजा करतंय असं दिसलं तर गप्प बसता येत नाही. लैंगिक अत्याचाराचा संशय असेल तर २०१२ च्या पोक्सो कायद्यानं कळवणं बंधनकारक आहे, थेरपिस्टला सुद्धा. मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८.

सहावी पायरी: घरचा अर्धा तास

हा भाग दोनदा वाचा. जवळपास थेरपिस्ट मिळत नाही, गगनबावड्याकडनं दर आठवड्याला येणं जमत नाही, त्यांनी तर हाच आधी वाचा.

अमेरिकेत बर्नार्ड आणि लुईस गर्नी या जोडप्यानं १९६० च्या दशकात आईवडिलांनाच शिकवायला सुरुवात केली, की आठवड्यातून एकदा घरी थेरपिस्टसारखं कसं खेळायचं. २००५ साली प्ले थेरपीवरचे ९३ अभ्यास एकत्र करून तपासले गेले त्यात निघालं की मुलांना फायदा होतोच, पण रीतसर शिकवून आणि मागं थेरपिस्ट ठेवून आईवडिलांनी केलेल्या खेळाचा परिणाम तर आणखी मोठा. मला यात नवल वाटत नाही. मी आठवड्याला पाऊण तास, तुम्ही आयुष्यभर.

एक पिशवी करा. त्यातली खेळणी एरवी काढायची नाहीत. खर्च फार नको: बाहुल्यांचं कुटुंब (कापडाच्या घरी शिवल्या तरी चालतील), भातुकली, ती देवळाच्या आसपास मिळतेच, बाळाची दुधाची बाटली, मेडिकलमधलं बँडेजचं भेंडोळं, डॉक्टर सेट, रबरी साप नाहीतर डायनासोर, दोन-चार प्राणी आणि गाड्या, बंद पडलेला मोबाईल, दोरी, ओढणी, खडू, कागद. आणि माती. बेंदूर आला की कुंभारांकडं मातीचे बैल मिळतात तेव्हा सोबत शाडूचा गोळा पण मागून घ्या, ओल्या फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवला तर बरेच दिवस टिकतो. बॅटरीवर आपोआप चालणारं खेळणं नको, त्यात पोराला करायला काही उरत नाही. साप आणि राक्षस बघून आज्या म्हणतात हे कशाला, वाईट शिकेल. उलट आहे, राग काढायला जागा नसेल तर तो बारक्या बहिणीच्या डोक्यात निघतो.

वार आणि वेळ ठरवा, ३० मिनिटं, एका वेळी एकच मूल, दुसऱ्याला आजीकडं द्या. बाबांची शिफ्ट बदलत असेल तर बाबांनी पहिल्यांदाच सुट्टीचा वार धरावा, दोनदा चुकवून तिसऱ्यांदा माफी मागण्यापेक्षा ते बरं. फोन दुसऱ्या खोलीत. सुरुवातीला म्हणा, "हा अर्धा तास तुझा. पाहिजे ते खेळ. एखादी गोष्ट चालणार नसली तर मी सांगेन."

मग गप्प बसायचं, पण मुकाट नाही. जे दिसतंय ते बोला: "ती पलंगाखाली लावलीस." गाडी म्हणू नका, त्याच्या लेखी ती होडी असेल. भावना दिसली तर तिला नाव द्या: "साप आला की सगळे घाबरले." प्रश्न विचारायचे नाहीत, शिकवायचं नाही, "रंग कुठला हा?" तर मुळीच नाही. शाब्बास, गुड बॉय पण बाजूला ठेवा, त्याच्या जागी "किती वेळ धरून बसलास, आणि बसलं की झाकण!" असं म्हणा, म्हणजे तुमच्या मार्कासाठी खेळायची सवय सुटते.

पोरगं तुम्हाला एखादा रोल देतं तेव्हा गंमत असते. "तू टीचर हो, मला ओरड." आता तुम्ही मनानं ओरडलात तर खेळ तुमचा झाला. हळूच कानात विचारा, "टीचर काय म्हणणार?" ते सांगेल तसं, त्याच आवाजात म्हणा. शाळेत काय चाललंय हे दहा प्रश्नांनी कळलं नव्हतं ते अशानं दोन मिनिटात कळतं, फक्त कळल्यावर तिथंच खेळ थांबवून "कोण ओरडतंय रे तुला?" करू नका. नंतर थेरपिस्टशी बोला, शाळेत जाऊन भेटा.

आणि बंधन. सगळं चालतं म्हणजे टीव्ही फोडलेला चालत नाही. समजा मातीचा गोळा हातात घेऊन पोरगं टीव्हीकडं नेम धरून उभं आहे आणि तुमच्याकडं बघतंय. तीन वाक्यं, याच क्रमानं, आवाज न चढवता:

"तुला लय राग आलाय, दिसतंय मला."
"टीव्हीवर माती फेकायची नाही."
"फेकायचीच असेल तर ती उशी आहे."

पहिलं वाक्य गाळून आपण सगळे थेट दुसऱ्यावर जातो आणि तिथंच भांडण लागतं. फेकलीच तर एकदा परत तेच सांगा, तिसऱ्यांदा मात्र "फेकायचं ठरवलंस म्हणजे आज माती बंद असं तू ठरवलंस" आणि माती डब्यात. चिडायचं नाही, भाषण नाही, आणि दया येऊन परत काढायची पण नाही.

संपायच्या आधी पाच मिनिटं सांगा, मग एक मिनिट सांगा, मग उठा. अजून दोन मिनिटं, अजून दोन मिनिटं, हे पोरं करणारच. "अजून खेळायचं होतं तुला, आवडलंय. आजची वेळ संपली, पुढच्या रविवारी." पिशवी उचला. आवरायला लावू नका, हा अर्धा तास सोडून आवरायला लावायला अख्खा आठवडा आहे. आणि पोरानं मार खाल्ला, अभ्यास केला नाही, आजीला उलटं बोललं म्हणून हा अर्धा तास शिक्षा म्हणून कधीच काढून घ्यायचा नाही.

पहिल्या दोन-तीन वेळा लय अवघडल्यासारखं होतं, नाटक वाटतं, पोरगं पण विचारतं "आई तू अशी काय बोलतेस?" तेव्हा हसा आणि म्हणा, "वेगळं वाटतंय तुला," झालं. ज्या आठवड्यात तुमचंच डोकं फिरलेलं आहे त्या आठवड्यात अर्ध्या तासाऐवजी वीस मिनिटं करा पण आधी सांगून.

घरातली बाकीची माणसं

एकत्र कुटुंबात एकटी आई पद्धत बदलते आणि बाकी चौघं जुनंच चालवतात, असं होतं. आजीआजोबांना व्याख्यान देऊ नका, त्यांना एक काम द्या: मूल रडलं की "गप्प, पुरुषासारखा पुरुष रडतोय" न म्हणता पाठीवर हात ठेवून बसायचं. बहुतेक आज्या हे आपल्यापेक्षा भारी करतात, त्यांना फक्त कुणी सांगायला पाहिजे. तालमीतल्या काकांना सांगा की कुस्ती खेळा पोराशी, मस्त आहे, पण "थांब" म्हटलं की थांबायचं.

शाळेत किती सांगायचं हे थेरपिस्टला विचारून ठरवा. वर्गशिक्षिकेला "घरात दुःख झालंय, सध्या जरा सांभाळून घ्या" पुरतं, निदान वगैरे लिहून द्यायची गरज नसते.

फरक पडतोय का, आणि थांबायचं कधी

आधी वाढतं, हे सांगून ठेवते. इतके दिवस गप्प असलेलं पोर तिसऱ्या चौथ्या सेशननंतर घरी रडायला, चिडायला लागतं आणि घरचे म्हणतात बिघडवलं की याला. थोडे दिवस असं चालतं, थेरपिस्टला कळवत राहा, आणि अगदी इथंच सोडून देऊ नका. वर सांगितलेल्या २००५ च्या तपासणीत सगळ्यात चांगला परिणाम ३५ ते ४० सेशनच्या आसपास दिसला होता, पण त्याच्या कितीतरी आधी सावरणारी मुलं पण असतात, त्यामुळं आकडा डोक्यात धरून बसू नका. दर दोन महिन्यांनी थेरपिस्टला सरळ विचारा, सुरुवातीला आपण काय ठरवलं होतं आणि त्यातलं काय झालं. तीन-चार महिने होऊन काहीच हलत नसेल तर ते बोलून दाखवा, दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, यात कुणाचा अपमान नाही. मूल स्वतःला इजा करतंय, जगायचं नाही म्हणतंय, खाणंपिणं बंद केलंय, तर पुढच्या सेशनची वाट बघायची नाही, त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञ नाहीतर सीपीआर.

सुधारलं की परस्पर बंद करू नका, हे मात्र नेहमी होतं. पोरगं शाळेला जायला लागलं, झोपायला लागलं, की आई फोन करते, "ताई, आता उद्यापासून नाही येत, बरं आहे." ज्या पोराचं माणूस न सांगता गेलं होतं त्याच्यासाठी आपण पण न सांगता गेलो, असं ते होतं. शेवटच्या चार सेशनची चौकोन काढलेली पट्टी करायची, दर वेळी एक चौकोन पोरानं रंगवायचा, शेवटच्या दिवशी खेळणी खोलीतच राहतात पण त्यानं केलेली चित्रं तो घरी नेतो. या काळात एखाद दुसऱ्या रात्री परत अंथरूण ओलं झालं तर घाबरू नका. दोन-तीन महिन्यांनी एक फॉलोअपची भेट त्याच दिवशी ठरवून वहीत लिहून घ्या, आणि घरची पिशवी अजून वर्षभर तरी माळ्यावर टाकू नका.